आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही

२१ सप्टेंबर, सोमवार

कानाच्या डॉक्टरांच्या हुकमावरून ही वही. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं. मग बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि बीप ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी सगळे बीप पकडले. दोन तर त्यांनी सोडलेच नव्हते, तेही पकडले. म्हणाले, कान विशीतल्या पोराला लाजवतील असे आहेत. मग आवाज येतो कुठून, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसला. आवाज आला की तारीख, वेळ आणि किती सेकंद टिकला ते लिहा आणि तीन नोव्हेंबरला वही घेऊन या, म्हणाले. मनावर काही ताण आहे का, हेही विचारलं. मी नाही म्हटलं.

आवाज इमर्जन्सी अलर्टचा आहे. शहरातल्या सगळ्या मोबाईलवर एकदम वाजतो तो. फोन सायलेंटवर ठेवा, गादीखाली ठेवा, वाजतोच. हे अलर्ट पाठवणारा माणूस मीच, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नाही. कंट्रोल रूममध्ये बावीस वर्षं झाली, अलर्टचं काम पाच वर्षं माझ्याकडे. फरक एवढाच की गेले दोन महिने तो मला एकट्याला ऐकू येतो.

निश्चय: दीड महिना शास्त्रीय नोंदी ठेवणार. कारण मीच शोधणार आणि डॉक्टरांना मीच सांगणार.

आजची नोंद: सकाळी ७.१५, दाढी करताना. सहा सेकंद. हनुवटी कापली.

२२ सप्टेंबर, मंगळवार

आजच्यापुरती दुसरी पाळी, म्हणून दुपारपर्यंत घरी. पहिला संशय सासूबाईंच्या कानातल्या मशीनवर. ते मधूनच शिट्टी मारतं. हळूच त्यातली बॅटरी काढून ठेवली. आवाज तरीही आला (१२.२०, जेवताना, आठ सेकंद). सासूबाईंना ओरडून विचारलं, आत्ता काही ऐकू आलं का? त्या म्हणाल्या, जावईबापू, मला सकाळपासून काहीच ऐकू येईना झालंय, तुमचं आपलं बरं आहे. गुपचूप बॅटरी परत घातली. बायको दारात उभी राहून बघत होती.

२४ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी

दुसरा संशय हॅंडसेटवर. नाक्यावरच्या मोबाईलवाल्याने फोन उघडून, फुंकर मारून परत बंद केला. काहीही झालेलं नाही, म्हणाला. त्याच्या टेबलावर प्लास्टिकचा डबा, डब्यात तांदूळ, तांदळात खुपसलेला एक फोन. पाठीवर निळ्या इन्सुलेशन टेपचा पट्टा. सहज विचारलं. जुलैत खालच्या पंपहाऊसवर जो माणूस वाहून गेला त्याचा म्हणे. खुंटीवरच्या जॅकेटच्या खिशात सापडला. त्याची बायको एक दिवसाआड येऊन चालू झाला का विचारते. तिला फोटोबिटो नकोत, शेवटी कुणाशी बोलले तेवढंच बघायचंय.

मी अनुभवाचे बोल सांगितले, की दोन महिन्यांनी काही चालू होत नसतं, उगाच बाईला आशा लावू नकोस. मोबाईलवाला म्हणाला, चार्जिंग घ्यायला लागलाय, परवापर्यंत होईल.

६.०५, अकरा सेकंद. मोबाईलवाल्याने स्टूल पुढे केलं आणि पाणी दिलं. नवा हॅंडसेट घेण्याचं ठरवलं. ठरवून घरी आलो.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

विषय निघालाच आहे तर एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता आम्ही टेस्ट अलर्ट पाठवायचो. मसुदा माझा. शेवटचं वाक्य तर खास माझं: आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही. लोक घाबरू नयेत म्हणून. साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं, म्हणाले होते, सरकारी कागदात इतकं शांत वाक्य बघितलं नाही.

अठरा जुलै, शनिवार. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. चार फोन एकदम वाजत होते, साहेब पाचव्यावर ओरडत होते. मी त्याच महिन्याचा टेस्ट मेसेज उघडला, वरचा भाग खोडला आणि नवीन लिहिला: नदीची पातळी वेगाने वाढत आहे, काठावरील सर्वांनी ताबडतोब उंच जागी जावे. ४.१० ला पाठवला. खालचं वाक्य खोडायचं राहिलं.

म्हणजे ताबडतोब उंच जागी जावे, आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही, असा मेसेज पाच लाख फोनवर गेला. लोक हसले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्यावर चुटके आले, दोन मी स्वतः वाचले. पण लोकांना डोळे होते, पाणी समोर दिसत होतं, जो तो वर गेला. एक पंपवाला सोडून. पंपहाऊसला नदीकडे खिडकी नाही.

चौकशी झाली. शेवटच्या वाक्याला तांत्रिक त्रुटी म्हटलं. पंपवाल्याबद्दल एकच ओळ: सदर कर्मचाऱ्याने संदेशाकडे दुर्लक्ष केले. अहवाल बंद.

लिहून खरंच हलकं वाटलं. आज आवाज नाही.

ता.क. ५.५०. चौदा सेकंद.

२८ सप्टेंबर, सोमवार

आली. पंपवाल्याची बायको, ऑफिसात. कॉरिडॉरच्या बाकावर सकाळी साडेनऊपासून बसून होती. हातात निळ्या पट्ट्याचा फोन. मोबाईलवाल्याने चालू करून दिला. मेला काम चोख करतो.

फोनमध्ये शेवटचा कॉल अठरा जुलै, ४.१२, कंट्रोल रूम, अडतीस सेकंद. तिचं म्हणणं सरळ आहे. ज्या माणसाने मेसेज आल्यावर दोन मिनिटांत तुम्हाला फोन लावला, त्याने दुर्लक्ष केलं असं कसं लिहिता? सासरे म्हणतात झोपला असेल. शेजारी म्हणतात प्यायला असेल. नोकरीत एकदाही झोपले नाहीत, आणि दारूला तर शिवायचे नाहीत. तिला तेवढा एक शब्द अहवालातून काढून हवाय. अर्ज आणला होता. कॉल रेकॉर्ड होतात असं ऐकलंय, तेव्हा ते ऐकून बघा, एवढीच विनंती.

मी म्हटलं, प्रोसिजर असते. ती म्हणाली, असणारच साहेब. मग म्हणाली, हे तुमचं नाव फार घ्यायचे, कंट्रोलच्या साहेबांना विचारल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही म्हणायचे. मी तिला चहा मागवला. तिने घेतला नाही.

१०.१०, वीस सेकंद. तिच्यासमोरच. घड्याळाकडे बघतोय असं दाखवलं.

२९ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहायचं नव्हतं, पण नोंद शास्त्रीय हवी.

पंपवाल्याला आम्ही कंट्रोलमध्ये हजेरी म्हणायचो. कारण पाच लाख लोकांत टेस्ट मेसेजनंतर फोन करणारा तो एकटाच. पहिला सोमवार, अकरा वाजून दोन मिनिटं, फोन वाजला की कुणीतरी म्हणायचं, आली हजेरी. मी स्पीकरवर टाकायचो. तो दरवेळी तेच बोलायचा: साहेब, मेसेज आला, काही करायचं नाही ना? मी म्हणायचो, काही करायचं नाही. तो बरं साहेब म्हणून ठेवायचा आणि आमची खोली हसायची. पाच वर्षं. साठ वेळा तरी.

अठरा जुलैचा फोन मीच घेतला. त्यात काय बोलणं झालं ते आता आठवत नाही. गडबड होती.

रेकॉर्डिंग नव्वद दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. म्हणजे सोळा ऑक्टोबर, ४.१२ पर्यंत. भरपूर वेळ आहे. निश्चय: येत्या तीन दिवसांत साहेबांच्या कानावर घालणार.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

बुधवारी साहेब मीटिंगमध्ये. काल साहेब मोकळे होते, पण त्यांचा मूड पाहिला आणि म्हटलं असल्या मूडवर हा विषय वाया जाईल. आज गांधी जयंतीची सुट्टी असूनही साहेब आले, मूड उत्तम. इतका उत्तम की घालवावासा वाटला नाही.

सोमवारी नक्की.

नोंदी: तीन दिवसांत नऊ वेळा. कान धुण्याचे थेंब आणले. सासूबाईंनीही दोन मागून घेतले.

५ ऑक्टोबर, सोमवार

महिन्याचा पहिला सोमवार. जुलैपासून टेस्ट बंद आहेत, नवा मसुदा मंजूर होईपर्यंत. तरी अकरा वाजता खोलीत सगळे गप्प झाले. अकरा वाजून दोन मिनिटांनी मी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. समोरची नवी ऑपरेटरही त्याच्याकडेच बघत होती. फोन वाजला नाही. तिने मान खाली घातली आणि बराच वेळ कीबोर्ड पुसत बसली. पोरगी टापटिपीची आहे.

फोन वाजला नाही, आवाज वाजला. ११.०२, तीस सेकंद.

साहेबांशी बोलणं राहिलं. आजचा दिवस त्या विषयाला बरा नव्हता.

७ ऑक्टोबर, बुधवार

बायको म्हणाली, त्या बाईला काय ते सांगून मोकळे व्हा. मी विचारलं, कुठली बाई, काय सांगायचं? मी घरी चकार शब्द काढलेला नाही. हिचं म्हणणं मी झोपेत बोलतो. काय बोलतो, तर तीनच शब्द, पण इतक्या प्रेमाने, की पहिल्यांदा तिला वाटलं तिलाच म्हणतोय.

कुठले शब्द, ते विचारलं नाही. डावी कूस बदलून झोपणार. डाव्या कुशीवर माणूस बोलतो, असं कुठंतरी वाचलंय.

१० ऑक्टोबर, शनिवार

तोंडी सांगण्यात घोडं अडतंय, तेव्हा लेखी. साहेबांना सविस्तर पत्र. दिवसभर बसलो. सुरुवात चार वेळा बदलली. उपरोक्त विषयास अनुसरून हे जुनाट वाटतं, म्हणून सविनय सादर घेतलं. पाळीतील ताण, यंत्रणेच्या मर्यादा, अलर्टला दोघांचे दोन पासवर्ड लागण्याची पद्धत, सगळं मुद्देसूद आलं. पत्र अडीच पानं झालं. भाषेवर माझी पकड आहे हे शत्रूही कबूल करील.

संध्याकाळी बायकोला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, पान उलटून मागेही बघितलं, आणि विचारलं, यात फोनवर तुम्ही काय म्हणालात ते कुठं आहे?

ते जोडपत्रात देता येईल. जोडपत्र उद्या.

नोंद: मोजणं सोडलं. बहुधा हवामान.

१४ ऑक्टोबर, बुधवार

नव्या ऑपरेटरने जेवणाच्या सुट्टीत विचारलं, सर, रेकॉर्डिंग नव्वद दिवसच राहतं ना? मी तिला पूर्ण पद्धत समजावून सांगितली, सर्व्हर, बॅकअप, सगळं. ती म्हणाली, म्हणजे शुक्रवारी. मी म्हटलं, शुक्रवारी काय? ती म्हणाली, सर, त्या दिवशी दुसरा पासवर्ड माझा होता, मी तुमच्या शेजारीच बसले होते, मला तुमचं बोलणं ऐकू आलं होतं. मग तिने डबा बंद केला आणि उठली.

कामाची जिज्ञासा असलेली मुलं हल्ली कमी. जाताना एक पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर विसरली. मी जपून ड्रॉवरमध्ये ठेवला.

१५ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी ३

ऐकलं. केवळ तांत्रिक दर्जा तपासायला. हेडफोन लावून.

जसं आहे तसं लिहितो.

मागे पंपाची घरघर. तो म्हणतो, साहेब, मेसेज आला. मी म्हणतो, हं. तो म्हणतो, वर जा असं लिहिलंय, आणि खाली काही करायचं नाही असंही लिहिलंय, तर यातलं कुठलं? मधे दुसरा फोन वाजतो. तो पुन्हा म्हणतो, काही करायचं नाही ना, साहेब?

मग माझा आवाज. इतका मायाळू आवाज माझा आहे हे मला माहीत नव्हतं. काही करायचं नाही.

तो म्हणतो, बरं साहेब, मग बसतो इथंच.

मी त्याचं ऐकलंच नव्हतं. साठ वेळा तेच उत्तर दिलं होतं, एकसष्टाव्या वेळी ते आपलं आपण बाहेर पडलं. पाण्याची बातमी माझ्यासमोर पडद्यावर होती. मी स्वतः टाईप केली होती. त्याने विचारलं होतं, सरळ मराठीत विचारलं होतं, आणि मी त्याला बसवून ठेवलं.

पायऱ्या बावीसच आहेत तिथे. पंपहाऊस ते रस्ता. मी मोजून आलो आहे. कधी गेलो होतो ते लिहीत नाही.

उद्या दुपारी साडेतीनला रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेणार. तिथून थेट साहेबांची केबिन, तिथून तिचं घर. आता माघार नाही. चहा नको, जेवणही हलकं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी ५

वेळेवर, म्हणजे ३.२५ लाच बसलो. पेन ड्राइव्ह काढला. वर बघतो तर भिंतीवर परिपत्रक: कंट्रोल रूमच्या संगणकांना बाहेरील पेन ड्राइव्ह लावण्यास सक्त मनाई आहे. खाली सही माझी. गेल्या वर्षी मीच काढलं होतं, तेव्हा लोकांनी कुरकुर केली होती आणि मी म्हटलं होतं, नियम सगळ्यांना सारखा. बावीस वर्षांत स्वतःचा नियम मोडला नाही, तो आज कसा मोडणार. आयटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, परवानगीचा फॉर्म भरा, दोन दिवस लागतील. फॉर्म भरला. हेतू या रकान्यात घोडं अडलं.

नवी ऑपरेटर समोर उभी होती. तिने विचारलं, सर, मी करू का? मी म्हटलं, पद्धत आहे, पद्धतीने होईल.

४.१२ ला यादीतली ती ओळ गेली आणि खालची वर सरकली. आवाज नाही, काही नाही. मी कशालाही हात लावला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

ड्राइव्ह तिला परत दिला. म्हटलं, विसरली होतीस. तिने घेतला आणि बदलीचा अर्ज कसा लिहायचा ते विचारलं. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, पण आज नको म्हटलं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

चांगली बातमी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला.

साहेबांनी तिचा अर्ज पुढे ठेवून विचारलं, याचं काय करायचं? रेकॉर्डिंग तर आता नाही. मी सुचवलं, खालच्या पंपहाऊसची जागा रिकामी आहे, बाईंना तिथे घ्या. अर्ज मागे घेतील, प्रकरण मिटेल, त्यांचाही संसार चालेल. साहेब म्हणाले, तुमच्यात माणुसकी आहे. मी खाली बघितलं.

आज तिला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, तो शब्द तसाच राहणार का? मी म्हटलं, बाई, शब्दाने पोट भरत नाही. तिने सही केली. माझ्याच पेनने. पेन परत देताना म्हणाली, मला त्यातलं काही येत नाही साहेब, तुम्ही सांगाल तसं करीन.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोने ताट वाढलं आणि स्वतः सासूबाईंच्या खोलीत जाऊन जेवली. सासूबाई ओरडून विचारत होत्या, काय झालं? ही ओरडून म्हणाली, काही नाही. दोघींचं काही बिनसलं असेल.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

नवा मसुदा मंजूर. दोन नोव्हेंबरला टेस्ट पुन्हा सुरू. मसुदा माझाच, चौदावा खर्डा. ते वाक्य काढलं. त्या जागी: हा फक्त सराव आहे. मग वाटलं, फक्त हा शब्द कोरडा आहे. काढला. मग घातला.

नोंदी करायचं थांबवलंय, कारण आता दोन आवाजांच्या मधे शांतता किती वेळ टिकते ते मोजणं सोपं पडतं. आज सगळ्यात जास्त वीस मिनिटं. आंघोळीत.

१ नोव्हेंबर, रविवार

ती उद्यापासून पंपहाऊसवर रुजू. पहिलाच दिवस आणि टेस्टचा दिवस. योगायोग चांगला आहे.

पक्का निश्चय. उद्या टेस्ट झाली की मीच तिला फोन करणार आणि सांगणार. रेकॉर्डिंग नाही तर नाही, माझं तोंड आहे ना. वाक्य लिहून पाठ केलं: बाई, तुमच्या माणसाने दुर्लक्ष केलं नाही, त्याने मला विचारलं होतं आणि मी त्याला बस म्हणालो. शब्द बावीसपेक्षा कमी, त्या पायऱ्यांहूनही. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. तिथून थेट साहेबांकडे, तो शब्द खोडायला. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. परवा डॉक्टरांना सांगीन, कारण सापडलं.

बायकोला चिठ्ठी दाखवली. तिने वाचली, घडी घातली आणि स्वतः माझ्या खिशात ठेवली. कितीतरी दिवसांनी माझ्या शर्टाला हात लावला तिने.

२ नोव्हेंबर, सोमवार

बरोब्बर अकराला पाठवला. दोन पासवर्ड, दुसरा नव्या ऑपरेटरचा, तिचा इथला शेवटचा आठवडा. खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. पाच लाख फोनवर वाजला. पहिल्यांदाच तो माझ्या एकट्याचा नव्हता. बरं वाटलं. सगळ्यांचे बंद झाले.

चिठ्ठी काढून समोर ठेवली. रिसीव्हरकडे हात नेला, तेवढ्यात तोच वाजला. अकरा वाजून दोन मिनिटं. खोलीत कुणी काही म्हणालं नाही.

ती होती. मागे पंपाची घरघर. म्हणाली, साहेब, मेसेज आला. हे असंच विचारायचे म्हणून विचारते. काही करायचं नाही ना?

चिठ्ठी समोर होती. अक्षर मोठं, सुवाच्य. नवी ऑपरेटर माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, काही करायचं नाही.

ती म्हणाली, बरं साहेब, मग बसते इथंच.

डॉक्टरांसाठी नोंद: ११.०३ ला सुरू झाला. आत्ता संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालीत. किती सेकंद, ते थांबला की लिहीन.